'पारंपरिक' म्हणजे कुणाची?

मारुबिहाग रागातली 'जागूं मैं सारी रैना' ही बंदिश तुमच्या कानावरून गेली असण्याची बरीच शक्यता आहे, शास्त्रीय संगीताशी तुमचा फारसा संबंध नसला तरी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत, किंवा फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून गाणाऱ्या एखाद्या मुलीच्या रीलमध्ये. खाली रागाचं नाव लिहिलेलं असतं, ताल लिहिलेला असतो, तबल्यावर कोण आहे तेही असतं. रचना कुणाची हे मात्र पुष्कळदा नसतंच, आणि असलं तर तिथे 'पारंपरिक' असा शब्द असतो.

ही बंदिश पारंपरिक नाही. ती प्रभा अत्रे यांची आहे. त्यांचा जन्म १९३२ सालचा, पुण्यातला. १३ जानेवारी २०२४ रोजी त्या गेल्या, म्हणजे अगदी कालपरवापर्यंत त्या आपल्यात होत्या. त्यांच्या गाजलेल्या एलपीवर एका बाजूला मारुबिहाग आहे आणि दुसऱ्या बाजूला कलावती. कलावतीतली 'तन मन धन' ही बंदिशही त्यांचीच, आणि तीही अशीच अनाथ होऊन गावोगाव फिरते.

या दोन मुखड्यांकडे जरा थांबून पाहू. नववी-दहावीच्या व्याकरणात लघू-गुरू शिकवतात, ते इथे कामाला येतं. 'जागूं मैं सारी रैना' यात सात अक्षरं आहेत आणि सातही गुरू. एकही ऱ्हस्व अक्षर नाही, जोडाक्षर नाही. आ, ऊ, ऐ, आ, ई, ऐ, आ असे नुसते लांब, उघडे स्वर. रात्रभर जागण्याबद्दलचं वाक्य आहे आणि त्यातलं प्रत्येक अक्षर लांबवता येतं. मारुबिहागात दोन मध्यम आहेत, खालच्या निषादापासून उठून वर जाण्याची ऐसपैस चाल आहे. त्या रागाला रेंगाळायला जागा लागते आणि इथल्या प्रत्येक अक्षरात ती आहे.

आता 'तन मन धन'. इथे सुरुवातीची सहाच्या सहा अक्षरं लघू आहेत. गाताना त-न-म-न-ध-न अशी ती सुटी सुटी पडतात. कलावतीत रिषभ आणि मध्यम नाहीत. षड्जावरून गंधारावर आणि गंधारावरून पंचमावर उडी मारावी लागते. अशा पाच स्वरांच्या, मोकळ्या अंतरांच्या रागात लांबलचक अक्षरं टाकली असती तर चाल जड झाली असती. लहान अक्षरांमुळे ती टिपऱ्यांसारखी वाजते.

एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू, आणि अक्षरांच्या वजनाचे दोन उलटे हिशेब. कुणी म्हणेल, हा योगायोग असेल. असेलही. पण प्रभाताईंचा डॉक्टरेटचा विषय सरगम होता, म्हणजे ख्यालात स्वरांची नावंच अक्षरं म्हणून वापरली की काय होतं, हा. कुठलं अक्षर कुठल्या स्वरावर कसं बसतं याचा विचार करण्यात ज्या बाईने आयुष्य घालवलं, तिच्या बाबतीत मला योगायोगावर विश्वास ठेवणं कठीण जातं. माझ्या मते हे रचनाकाराचं काम आहे, तेही पूर्ण जाणतेपणाने केलेलं. आणि ते आपण गेली पन्नासेक वर्षं 'काय गोड गातात' या खात्यात जमा करत आलोय.

हे खातं कसं चालतं ते गाण्याच्या क्लासात नीट दिसतं. आमच्याकडे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही जा, गाण्याच्या क्लासात मुलीच जास्त असतात आणि शिकवणाऱ्याही पुष्कळदा बायकाच. वहीत बंदिश उतरवून घेताना पानाच्या वर रागाचं नाव येतं, मग ताल, मग वादी-संवादी, आरोह-अवरोह, खाली स्थायी आणि अंतरा. मात्रांचे रकाने पट्टीने आखलेले असतात, सम-खालीच्या खुणा लाल शाईने. रचनाकाराच्या नावाला त्या पानावर जागाच नसते. तोंडी परीक्षेत राग ओळखायला सांगतात, ताल हातावर धरायला सांगतात. 'ही बंदिश कुणी बांधली?' असा प्रश्न सहसा येत नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षं क्लास केलेल्या मुलीला डझनावारी बंदिशी पाठ असतात, आणि त्या कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, हार्मोनियम नाहीतर तानपुरा घेऊन बसून केल्या, हे तिच्या मनातही येत नाही. गंगेसारख्या त्या वरून येतात. मग आपणही एखादी करून पाहावी हे तिला कुठून सुचणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ख्यालात बंदिश म्हणजे चार-सहा ओळींचं बीज. पुढचा अर्धा-पाऊण तास गाणारी जे उभं करते तेच खरं गाणं. मग त्या चार ओळी कुणाच्या याला इतकं महत्त्व कशाला? बरोबर आहे. पण हाच मुद्दा पुढे नेला तर काय होतं बघा. मोगूबाई कुर्डीकर किंवा केसरबाई केरकर एका बैठकीत आलापाच्या आवर्तनामागून आवर्तन बांधत नेत होत्या, समेवर येण्याचे नवे रस्ते काढत होत्या. हे सगळं जागच्या जागी केलेलं रचनाकर्मच होतं. म्हणजे या आक्षेपातून स्त्री-रचनाकारांची संख्या कमी होत नाही, उलट भरमसाट वाढते. तरीही त्यांना आपण रचनाकार म्हणत नाही, गायिका म्हणतो. 'गायिका' या शब्दाला एक वाईट सवय आहे: तो आवाजाचं श्रेय देतो आणि डोक्याचं काढून घेतो.

केसरबाईंचंच उदाहरण घ्या. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली. तीत भारतातून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. त्याच तबकडीवर बेथोवेनच्या तेराव्या स्ट्रिंग क्वार्टेटमधला एक भाग आहे. चार वादकांनी छोट्या दालनात बसून वाजवायचं संगीत, ज्याला तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात, आणि आपल्याकडच्या बैठकीच्या गाण्याचा एक तुकडा, असे दोन्ही शेजारी शेजारी निघालेत. नासाच्या यादीत बेथोवेनच्या तुकड्यापुढे रचनाकार म्हणून बेथोवेनचं नाव आहे आणि वादकांचंही. केसरबाईंच्या तुकड्यापुढे त्या गाणाऱ्या म्हणून आहेत. बंदिश कुणाची, याचा उल्लेख नाही. यादी करणाऱ्यांचा यात दोष नाही. आपणच जगाला आपलं संगीत असं सांगितलंय.

पण त्या यादीकडे उलट बाजूनेही पाहता येतं. तिथे पाश्चात्त्य अभिजात संगीतातले जितके रचनाकार नावाने आले आहेत, ते सगळे पुरुष आहेत. म्हणजे जिथे रचनाकाराचं नाव लिहायची काटेकोर पद्धत आहे, तिथेही बायका सुटल्याच. नाव लिहायला जागा असणं आणि त्या जागेत आपलं नाव लागणं, या दोन वेगळ्या लढाया आहेत.

युरोपात ही दुसरी लढाई कशी झाली याच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आपल्या गोष्टीशी जुळतातही आणि जुळत नाहीतही. फॅनी हेन्सेल ही प्रसिद्ध फेलिक्स मेंडेल्सोनची मोठी बहीण. बर्लिनमधल्या तिच्या घरी रविवारी संगीताच्या बैठका व्हायच्या. ती पियानो वाजवायची, स्वतःच्या रचना सादर करायची. पण छापील संगीत हा वेगळा प्रांत होता आणि तिथे घरातल्या मुलीने जाऊ नये असं घरच्यांचं मत. तिची सहा गाणी भावाने आपल्या नावाने छापली. १८४२ मध्ये तो राणी व्हिक्टोरियाला भेटायला गेला, तेव्हा राणीने त्याच्या संग्रहातलं आवडतं गाणं म्हणून नेमकं फॅनीचंच गाणं निवडलं. बिचाऱ्याला कबूल करावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. फॅनीने पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी लिहिलेलं त्रिकूट १८४७ मधलं. त्याच वर्षी ती वारली. ते छापून आलं १८५० मध्ये.

दुसरी गोष्ट रिबेका क्लार्कची. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या एका रचना-स्पर्धेत नावं झाकून प्रवेशिका तपासल्या गेल्या. व्हायोलासाठी लिहिलेल्या दोन रचनांना समसमान मतं पडली. त्यातली एक अर्नेस्ट ब्लॉख या नावाजलेल्या संगीतकाराची होती आणि दुसरी क्लार्कची. निर्णायक मत ब्लॉखच्या बाजूने गेलं. त्यानंतर अशीही कुजबुज झाली की 'रिबेका क्लार्क' नावाची बाई मुळात नसावीच, ब्लॉखनेच टोपणनावाने दुसरी प्रवेशिका पाठवली असावी. बाईने इतकं चांगलं लिहिलं यापेक्षा एका पुरुषाने दोनदा लिहिलं, हे लोकांना पटायला सोपं वाटलं.

फॅनीच्या बाबतीत दुसऱ्याचं नाव लागलं, क्लार्कच्या बाबतीत तिचं नाव खोटं ठरवलं गेलं. आपल्याकडे यातलं काहीच करावं लागत नाही. आपल्याकडे 'परंपरा' आहे. हा शब्द इतका पवित्र आहे की त्यात एखादीचं नाव विरघळलं तर तो तिचा सन्मानच झाल्यासारखं वाटतं.

परंपरेत सगळ्यांचीच नावं विरघळतात, पुरुषांचीही, असं म्हणून हा मुद्दा संपवता येईल का? नाही, कारण पुरुषांनी नाव राखायची युक्ती जुन्या काळीच शोधली होती. तिला मुद्रा म्हणतात. अंतऱ्यात कुठेतरी रचनाकार आपलं टोपणनाव ओवतो. अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगील्याच्या दरबारातले नियामत खाँ 'सदारंग' म्हणून आजही रोज हजार तोंडांतून उच्चारले जातात. बडे गुलाम अली खाँ 'सबरंग', फैयाज खाँ 'प्रेमपिया', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', रामाश्रय झा 'रामरंग'. गाणाऱ्याने वहीत नाव लिहिलं नाही तरी बंदिशीच्या पोटात ते शिवलेलं असतं. या नावांच्या माळेत एखाद्या बाईची मुद्रा सांगा म्हटलं तर जाणकारही अडखळतील.

आणि गंमत अशी की ही नावं ज्या ओळींत शिवलेली असतात, त्या ओळी बहुतेक वेळा बाईच्या तोंडच्या असतात. पिया परदेशी गेलाय, सास-नणंद छळतायत, पैंजण वाजतंय म्हणून बाहेर पडता येत नाही, सवतीच्या घरी रात्र काढून तो पहाटे आलाय. ख्यालातल्या नायिकेचं हे सगळं दुःख शतकानुशतकं मुख्यतः पुरुषांनी लिहिलं. त्यांनी वाईट लिहिलं असं माझं म्हणणं नाही. काही बंदिशी अप्रतिम आहेत. पण ज्या बायका त्या गात होत्या, कोठ्यावर, दरबारात, नंतर नाटकांच्या आणि जलशांच्या मंचावर, त्यांच्या आयुष्यात सास-नणंद हा प्रकार बहुधा नव्हताच. त्यांच्या आयुष्यात होतं ते बंदिशींत आलं नाही. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी होत्या. लोकांसमोर असं बसून गाण्याची भीती, रुबाब, हिशेब यावर एखादी बंदिश असती तर ती कशी असती, असा प्रश्न मला कधी कधी पडतो.

म्हणून बाई रचनाकार झाली की पहिला प्रश्न हा विचारायला हवा: शब्दांतली बाई बदलली का?

प्रभाताईंच्या बाबतीत माझं उत्तर, थोडीशीच. 'जागूं मैं' मधली बाई तीच जुनी आहे, रात्रभर जागणारी, वाट पाहणारी. त्यांनी बंड केलं ते आशयात नाही, नादात केलं. त्यांनी जोड रागही केले: अपूर्व कल्याण, मधुरकौंस, पटदीप मल्हार, तिलंग भैरव, रवी भैरव. आपल्या शेकडो बंदिशी नोटेशनसह पुस्तकांत छापल्या. शेकडो रचना करणाऱ्या कुणाच्याही सगळ्या रचना एका वजनाच्या नसतात. प्रभाताईंच्याही नाहीत. काही वाचताना रागाचं रूप विद्यार्थ्याला कळावं एवढ्याचसाठी केल्यासारख्या वाटतात. पण हे वाक्य लिहिण्यासाठीही आधी त्या रचना समोर ठेवून वाचाव्या लागतात. 'अमुक बंदिश कमकुवत आहे' असं म्हणणारा समीक्षकसुद्धा त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. कौतुक भरपूर आलं. पद्मविभूषणही आलं, २०२२ मध्ये.

किशोरी आमोणकरांच्या 'सहेला रे'चं तसं नाही. भूप रागातली ही बंदिश त्यांची स्वतःची. इथे संबोधन पियाला नाही, सख्याला आहे, सोबत्याला. आणि त्याला बोलावणं कशासाठी, तर एकत्र गाऊ या, सात सुरांची गुपितं उलगडू या, एवढ्यासाठी. वाट पाहणं नाही, तक्रार नाही, सास नाही, नणंद नाही. ख्यालातली बाई इथे गाणारी बाई म्हणून बोलते, तिचा विषय गाणं आहे, आणि समोरच्याला ती प्रियकर म्हणून नव्हे, सहगायक म्हणून हाक मारते. मला हे फार मोठं पाऊल वाटतं. आणखी एक खोच आहे. भूपात स्वर पाचच. मध्यम आणि निषाद नाहीतच. पाच सुरांच्या रागात बसून सात सुरांच्या गुपितांबद्दल बोलायचं, म्हणजे जे स्वर गाता येणार नाहीत त्यांचीही आठवण काढायची. पुढे शब्द जन्मोजन्मीच्या सोबतीकडे, पुन्हा न दुरावण्याकडे जातात. तेव्हा हे न गायलेले दोन स्वर माझ्या कानात उगाच वाजत राहतात. हा माझा आगाऊपणा असेल, पण चांगली रचना असा आगाऊपणा करायला जागा देते.

किशोरीताईंवर मराठीत लिहिलं गेलेलं कमी नाही. त्यांच्या मानी स्वभावाच्या, श्रोत्यांना गप्प करण्याच्या कहाण्या तर घरोघरी आहेत. आईचं, मोगूबाईंचं, कडक शिक्षण, मधली आवाज गेलेली वर्षं, घराण्याच्या चौकटीबाहेर पडणं, हे सगळं येतं. त्यांनी 'स्वरार्थरमणी' नावाचा रससिद्धांतावरचा ग्रंथ लिहिला, १९९० च्या 'दृष्टी' या गोविंद निहलानींच्या चित्रपटाला संगीत दिलं, हेही ओळीदोन ओळींत येतं. 'सहेला रे'मध्ये शब्द आणि स्वर यांचं काय चाललंय, हे लिहिलेलं क्वचित दिसतं.

याचं कारण आपल्या संगीतसमीक्षेच्या घडणीत आहे. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ मध्ये आलं आणि मराठीत गाण्याबद्दल विचार करायची एक भाषा त्याने दिली. मोठंच पुस्तक आहे, आजही वाचावं असं. पण त्या भाषेत मोजायचं एकक घराणं हे आहे. स्वर आणि लय यांचं कुठल्या घराण्यात काय प्रमाण, हा तिथला प्रश्न. त्या मापात गायकी मावते, बंदिश मावत नाही. आणि घराणं ही पुरुषांच्या नावांची वंशावळ. तीत बाई येते ती शिष्या म्हणून किंवा मुलगी म्हणून.

एका पुरुष गायकासाठी मात्र आपण वेगळं माप काढलं. कुमार गंधर्वांचा 'अनूपरागविलास' १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने काढला आणि मराठी वाचकाने तो जवळजवळ कवितासंग्रहासारखा जवळ केला. कुमारांच्या बंदिशींतल्या माळव्यातल्या बोलीवर, त्यांच्या शब्दांच्या निवडीवर चर्चा झाल्या, होतात, व्हायलाच हव्यात. ते वाग्गेयकार आहेतच. मुद्दा एवढाच की बंदिश वाचण्याची समीक्षा आपल्याला जमत नव्हती असं म्हणायची सोय आता उरत नाही. जमत होती. आपण ती कुणासाठी वापरायची ते निवडलं.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं, कारण तिथे पैसाही आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'ची व्याख्या अशी होती की स्वररचना छापलेली, लिहिलेली किंवा तशा कुठल्या रूपात उतरवलेली असली पाहिजे. म्हणजे कंठातून कंठात जाणारी बंदिश कायद्याच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. तोवर जिच्याकडे वही, छापखाना आणि प्रकाशक होता तीच रचनाकार ठरू शकत होती. ज्या गाणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, किंवा ज्यांचं लिखाण घेऊन कुणी प्रकाशकाकडे जाणार नव्हतं, त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. प्रभाताईंकडे कायद्याची पदवी होती. त्यांनी आपल्या बंदिशी नोटेशनसह पुस्तकांत छापल्या, याकडे मी या उजेडातही पाहतो.

'पारंपरिक' या शब्दावरून अलीकडेच कोर्टातही भांडण झालं. ए. आर. रहमान यांच्या एका चित्रपटगीतावर डागर बंधूंच्या 'शिवस्तुती'ची नक्कल असल्याचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. रचना परंपरेची की त्या दोन भावांची, या प्रश्नावर वकिलांनी पानंच्या पानं खर्च केली. एखाद्या गायिकेच्या बंदिशीवरून असा खटला उभा राहील का, हे मी ती बातमी वाचताना मनाशी घोळवत होतो. त्यासाठी आधी ती बंदिश तिची आहे हे चार लोकांना माहीत असावं लागेल.

पुढच्या पिढीत चित्र थोडं बदललंय. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वतःच्या बंदिशींचं 'रागरचनांजली' हे पुस्तक २००४ मध्ये काढलं, सोबत सीडी देऊन. नंतर दुसरा भागही आला. नोटेशन वाचता येत नसेल तर ऐकून शिका, आणि गा. ही एक सरळ, व्यवहारी कृती होती: माझ्या बंदिशी माझ्या शिष्यांपुरत्या राहू नयेत. आता घरात सीडी वाजवायचं यंत्र राहिलेलं नाही हा भाग वेगळा. वीणा सहस्रबुद्धे यांनीही रचना केल्या. ही यादी पूर्ण नाही आणि मला ती पूर्ण करायचीही नाही. दहा नावांची यादी फॉरवर्ड करून आपण एरवी खूप प्रश्न मिटवतो.

त्यापेक्षा एकच गाणं पुन्हा ऐकू. 'अवघा रंग एक झाला'. शास्त्रीय मैफलीच्या शेवटी गायचं, आषाढीला गल्लीगल्लीत वाजणारं. आमच्या भागात दिंड्या निघतात तेव्हा स्पीकरवर ते असतंच. विचारलं तर लोक सांगतात, किशोरीताईंचा अभंग. गाणाऱ्या त्या, म्हणून. शब्द सोयराबाईंचे आहेत, चौदाव्या शतकातल्या, चोखोबांच्या पत्नी. चाल किशोरीताईंची. म्हणजे शब्द बाईचे, चाल बाईची, गळा बाईचा, आणि आपल्या लक्षात राहिला फक्त गळा.

सोयराबाईंनी मुद्रा घातलीय. दरबारी ख्यालातल्या बायकांना जी जागा मिळाली नाही ती वारकरी अभंगात बायकांना कितीतरी आधी मिळाली होती, हे आपण मराठी माणसांनी थोडं मिरवायलाही हरकत नाही. पण ती मुद्रा काय आहे ते ऐका. शेवटच्या चरणात त्या स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. नवऱ्याचं नाव आणि जात, या दोन गोष्टींतून मिळून एका कवयित्रीची सही होते. 'सोयरा' हा शब्द त्या अभंगात नाही. जनाबाई 'जनी' तरी म्हणते स्वतःला, जरी पुढे-मागे नामयाचा आधार घेऊन.

किशोरीताईंची चाल या शेवटच्या चरणापाशी येते तेव्हा मी कान देऊन ऐकतो. त्या तिथे घाई करत नाहीत. पांडुरंगाच्या नावावर जितका जीव ओततात, तितकाच या सहीवर ओततात. सोयराबाईंचं नाव त्यांना आणता येत नव्हतं, ते शब्दांतच नाही. जेवढं होतं तेवढं त्यांनी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून म्हटलंय. इअरफोन लावून ऐका, स्पीकरवर ते ढोल-टाळांत हरवतं.